झाकणाच्या रबराखाली

सून बाटलीतलं गढूळ पाणी दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये फवारायला लागली, तेव्हाच माझ्या मनात आलं, ही पोर आपला धंदा बुडवणार.

पारनेरजवळच्या वस्तीवर आम्ही दही लावतो. ते हायवेवरच्या एका हॉटेलात जातं आणि घर त्यावरच चालतं. त्या उन्हाळ्यात दह्याला तार यायला लागली. हॉटेलवाल्यानं सांगून टाकलं, "मावशी, अजून एकदा असं दही आलं तर दुसरीकडून घ्यावं लागंल."

सून जंतूंचंच शास्त्र शिकून आलेली. तिनं कॅनच्या झाकणाचं रबर काढून दाखवलं. खाली बुळबुळीत थर.

"आत्या, ह्यात वाईट जंतू घर करून बसलेत. वरून कितीबी धुवा, आतले मरत न्हाईत. थर घासून काढायचा आन तिथं चांगले जंतू बसवायचे. जागा त्यांनी धरली की वाईटांना थारा मिळत न्हाई."

जंतूंवर जंतू! काट्यानं काटा काढतात हे मलाही माहीत आहे, पण काढून झाल्यावर दुसरा काटा कुणी पायात ठेवून देत नाही. मला तर हे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं वाटलं. बाटली तिच्या कॉलेजातून आलेली. आत काय आहे, कुणी पाहिलं? दुधानं एकदा तोंड पोळलेलं, मी ताकही फुंकूनच पिणार.

ती रोज संध्याकाळी कॅन घासून ते पाणी फवारायची आणि तसंच ठेवायची. मी पहाटे धारेआधी उठून, टाकीच्या पाण्यात जंतू मारायला टाकतात ती टीसीएल पावडर कालवून सगळे कॅन विसळत असे. वास राहू नये म्हणून वर तीनतीनदा कढत पाणी. कुणाला सांगितलं नाही. आपण घर वाचवतोय, असंच वाटत होतं.

आठवडा उलटला आणि रबराखाली पुन्हा बुळबुळ. हॉटेलातून दही परत आलं. मी मनात म्हटलं, बघ. तोंडानंही म्हटलंच, "पुस्तकातली अक्कल गोठ्यात चालत न्हाई."

सून बाटल्या पिशवीत भरायला लागली. "माझंच कुटंतरी चुकलं आसंल. पन आत्या, ते बाहेरचं नव्हतं. तुमच्याच विरजणातले जंतू कॉलेजात वाढवून आनले हुते. तुमच्या घरच्या मडक्यातलं दही कधी बिघडत न्हाई म्हनून."

लग्न होऊन आल्यापासून जपलेलं विरजण. दिवेलागणीनंतर मी ते शेजारणीलाही देत नाही, आणि तेच रोज पहाटे स्वतःच्या हातांनी मारत होते. लाज वाटली, फार लाज वाटली.

दिवे लागले होते. तरी मी विरजणाची वाटी भरून तिच्यासमोर धरली आणि पावडरीचं सगळं सांगून टाकलं. "लई चुकलं माझं. हे घे, परत नवे जंतू वाढव."

तिनं वाटी घेतली. माझ्या हातांकडे बघितलं. "म्हंजे नवे बसायच्या आतच मेले. जुने रबराच्या भेगेत दडून वाचले," एवढंच म्हणाली.

आता रबराखाली बुळबुळ नाही. हॉटेलवालाही दही नेतो. फक्त कॅनच्या खोलीला कुलूप असतं आणि किल्ली सुनेच्या ओढणीच्या गाठीत. मी ती एकदाही मागितलेली नाही.