पडलेला ऑसिलेटर

दिवाळी झाल्यावर लेक आली ती बॅगेत एक सर्किट बोर्ड घेऊनच. पंजाएवढा, हिरवा. नवी चिप कशी चालते ते पाहण्यासाठी असे तयार बोर्ड विकत मिळतात, एवढं तिनं सांगितलं. बोर्ड मला नवीन नाहीत. मी चौथी शिकलेली बाई, पण उमेदीची सगळी वर्षं तळेगावच्या एका कारखान्यात बोर्डांवर कथील वितळवून डाग देण्यात गेली. कुठला भाग कशासाठी असतो ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. कुठे बसवायचा तेवढं सांगितलं.

लेक बंगळुरूला असते. रेल्वेच्या मालडब्याला लावायचं काहीतरी यंत्र ती बनवते. बोर्डावरची चिप त्याच यंत्रासाठी. तिला ठेका लागतो, आणि तो ठेका देणारा क्वार्ट्झचा क्रिस्टल डब्याच्या हादऱ्यांनी चुकतो. म्हणून तो काढून तिथे ठेका देणारा दुसऱ्या जातीचा भाग, ऑसिलेटर, लावायचा होता. आल्या आल्याच ती म्हणाली, "एवढा बोर्ड चालू झाला की मी निघाले, आई."

म्हणजे बोर्ड बंद आहे तोवर लेक घरात. मला सरळ हिशोब कळला.

टाकवे गावातल्या घरात मी एकटी राहते. त्याचं मला रडं नाही. पण कुणी स्वयंपाकघरात पाय पसरून माझ्या वाटेत बसलं, पळी भलत्याच खुंटीला टांगली, की बरं वाटतं. ते आपलं आपल्याला करून भागत नाही.

सकाळी तिनं खिडकीपाशी टेबल ओढलं आणि मनगटाला पट्टा बांधला. अंगातली वीज चिपला लागू नये म्हणून तो बांधतात. आम्हीही बांधायचो. साहेब म्हणायचे बांगड्या काढा, पण काचेच्या बांगड्या कोण काढणार? कोपराकडे सरकवून चिंधीनं घट्ट आवळायच्या आणि कामाला बसायचं. संध्याकाळी हातावर वळ उठलेले असायचे.

"तुझ्या हातात आवळायलाबी काय न्हाई," मी म्हटलं.

"बरंय की मग. वेळ वाचला."

तिनं डाग वितळवून क्रिस्टल काढला. नवा ऑसिलेटर तांदळाच्या कणीएवढा होता, आणि एकच. तो चिमट्यात धरला आणि सटकला. फरशीवर टिक वाजलं. मी बॅटरी घेऊन टेबलाखाली वाकले आणि शोधून दिला. पण देताना म्हटलं, "ह्यो लावू नको."

"का गं?"

"पडलेला हाय."

आमच्याकडे तो कायदाच होता. क्रिस्टल खाली पडला की तो बाद, वरून कितीही चांगला दिसू दे. आतली काच बारीक असते. आज चालेल, महिन्यानं बंद पडेल. पडलेला तुकडा लाल डबीत टाकायचा. मग जिच्या हातून पडला तिला सगळ्या बाया कामावरून मान न उचलता विचारायच्या, "काय गं, रातच्याला झोपू दिलं न्हाई व्हय त्येनं?"

लेक हसली. "आई, मी राहावं म्हणून सांगतेयस ना?"

"तू ऱ्हावं असं तर मला वाटतंयच. त्ये येगळं. पडलेला त्यो पडलेला. दुसरा मागव."

"यायला आठवडा लागेल."

"लागू दे की. मी काय हाकलतीय व्हय तुला?"

ती चिडली नाही. "ह्यात क्वार्ट्झ नाहीच, आई. सिलिकॉनचा आहे हा. डब्याचे हादरे खायला म्हणून तर हा निवडला. टेबलावरून पडून ह्याला काही होत नाही."

आमचा कायदा खोटा नव्हता. वस्तू बदलली होती.

तिनं डाग दिले आणि बोर्ड लॅपटॉपला जोडला. जो दिवा लुकलुकायला हवा तो लागलाच नाही. पुन्हा जोडला. नाही.

"बघ, म्हनलं हुतं का न्हाई?"

"गप गं जरा."

मी उठले आणि वाल भिजत घातले. वालांना मोड यायला, मग ते सोलायला वेळ लागतो. एकटीसाठी कुणी वाल सोलत बसत नाही.

ती भिंग लावून पाहत होती. जेवणवेळ झाली तेव्हा सापडलं. बाहेरच्या ऑसिलेटरपासून चिपपर्यंतची वाट बोर्ड बनवणाऱ्यानंच तोडून ठेवलेली असते. एक बारका तुकडा उचलून शेजारच्या जागी डागला की ती जुळते. तो हलवायचा ती विसरली होती.

"आई, बोर्ड धर. हलतोय."

मी धरला. तिचं डोकं माझ्या डोक्याला टेकलं होतं. डागातल्या राळेचा धूर नाकात गेला. मी पाळीवरून आले की हीच पोर माझ्या पदरात तोंड खुपसून हा वास घ्यायची आणि म्हणायची, आईचा वास. तेव्हा मी तिला ढकलायची, कारण चूल पेटवायची असायची. आता तिला कसला वास येत होता कोण जाणे. मी बोर्ड तेवढा हलू दिला नाही.

दिवा लुकलुकला. "चालला!" म्हणून तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, आणि तशीच एका हातानं मोबाइलवर पुण्याहून सुटणारी बस पाहू लागली.

"जेवून जा."

"जेवूनच जाणार गं."

दुपारी रस्त्यावर कान्हे स्टेशनाकडे जाणाऱ्या जीपची वाट पाहत उभ्या होतो. ती म्हणाली, "खरंच बिघडला असता तर?"

"तर ऱ्हायली असतीस."

"आणि माझं काम?"

"तुझं काम तुझ्यापाशी. मला काय त्येचं?"

ती हसायला गेली, पण हसली नाही. माझ्या दंडाला धरून उभी राहिली. जीप भरूनच आली. ती बॅग मांडीवर घेऊन कडेला बसली.

"पुढच्या येळंला मोकळी ये," मी म्हटलं.

"येते."

मोकळी ती येणार नाही, ते मला माहीत आहे. काम घेऊन आली तरी चालेल. अवघड घेऊन यावं.