बॅटरीचं पाणी

चिखलीच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत 'पाणी' हा शब्द उच्चारायला बंदी होती. एखाद्या रंगहीन द्रवाकडे बोट दाखवून कुणी "सर, हे पानी..." एवढं म्हटलं, की खंडारे सर चष्मा कपाळावर चढवून विचारत, "तुह्या मामाच्या विहिरीचं आहे काय बे?" मग बाटलीवरची चिठ्ठी लग्नपत्रिकेसारखी मोठ्यानं वाचावी लागे. चिठ्ठी नसलेल्या बाटलीला सर 'बेवारस' म्हणत आणि तिच्याजवळ कुणाला फिरकू देत नसत.

"चुन्याचं पानी, सोड्याचं पानी, फवारनीचं पानी," ते म्हणत. "आपल्या इकडे पातळ दिसलं का पानी. जीभ सैल सुटते अन् जीव जाते." सरांची हुबेहूब नक्कल करणाऱ्यांत माझा नंबर पहिला. आता ते देऊळघाटला वांगी लावतात, आणि तिथेही फवारणीच्या डब्यावर त्यांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी असते.

शेवटच्या वर्षी, प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळीच डिस्टिल्ड वॉटर संपलं. सरांनी मला बसस्टँडजवळच्या बॅटरीवाल्याकडे पिटाळलं. मी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलं आणि ऐटीत टेबलावर ठेवलं. चिठ्ठी लावायला मला कुठे सवड होती!

बाहेरगावचे परीक्षक उन्हातून घामाघूम होऊन आले. समोर बाटली दिसली, त्यांनी ग्लासात ओतली, ग्लास ओठांकडे निघाला आणि सरांनी त्यांचं मनगट धरलं. आमच्या सगळ्यांचे गुण ज्या हातात होते, त्या हाताचं मनगट!

"साहेब, बेवारस आहे," सर म्हणाले. बशीत चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन त्यांनी त्यावर ग्लासातले चार थेंब सोडले. सोडा फसफसून वर आला. ग्लासात आम्ल होतं.

कुणी आणलं, असं परीक्षकांनी विचारलं. माझं वर्ष माझ्या डोळ्यांदेखत बुडायला लागलं.

"बाटली माह्या प्रयोगशाळेत बेवारस राह्यली, तं मीच आनली," सर म्हणाले. "माहं नाव लिहा."

परीक्षकांनी काहीच लिहिलं नाही. माठातलं दोन ग्लास प्यायले आणि परीक्षा घेतली. आम्ही सगळे पास झालो.

संध्याकाळी सरांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता चामडी सोलणार. त्यांनी चहा पुढे केला आणि दुकानात काय मागितलं ते विचारलं.

"बॅटरीचं पानी."

"अन् त्यानं काय देलं?"

"बॅटरीचं पानी."

दुकानात दोन्हींना तेच नाव होतं: बॅटरीत वरून घालायच्या डिस्टिल्ड वॉटरलाही आणि आत भरायच्या आम्लालाही. सरांनी कप खाली ठेवला.

"पाह्य," ते म्हणाले. "तू खरं बोलला, तोही खरं बोलला. अन् तिसरा मरत होता."