दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा

फोटोग्राफर मंडळी, आज माझ्यावर हसायची मुभा हाय.

रेणापूरला लग्न होतं. नवरीकडून मी, नवरदेवाकडून लातूरचे सलीमभाई. आमच्या कॅमेऱ्यांच्या कंपन्या वेगळ्या, म्हणून दर लग्नात आमची जुंपते. "तुमच्या कॅमेऱ्यात माणसं पिवळी दिसतात," असं मी सकाळीच त्यांना सुनावलं होतं.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि माझा कॅमेराच बंद पडला. बॅटरी बदलली, तरी चालू होईना.

सलीमभाईंनी गळ्यातला नवा कॅमेरा काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः बॅगेतला जुना घेतला. मला तर त्याची बटणंच सापडेनात.

"दाबा की ताई," ते म्हणाले, "यात बी नवरीच दिसती."

दाबलं. अक्षता पडल्या आणि नवरी खुदकन हसली.

त्यांनी पाठवलेला तोच फोटो आता नांदेडला घरी बसून बघून राहिले. लई दिवसांत असा फोटो निघाला नव्हता. आणि कुणी पिवळंबिवळं दिसत न्हाई.

कंपनी मी बदलणार न्हाई, सांगून ठेवते. फक्त कॅमेरा पुन्हा बंद पडायचाच असला, तर सलीमभाई शेजारी असतानाच पडू दे.

तुमच्या शेजारी कोण असतं?