तीनची पाटी, आत पाचची मोटार

माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. हा गुण कुठून उचलला तेही मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या राजेश्वर गावात माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. शेतकऱ्याला विजेची मंजुरी तीन एचपीची आणि मोटार मात्र पाचची. मग तार भरून झाली की अण्णा तिच्यावरची पाटी काढून तीनची ठोकायचा. रिव्हेटचे खिळे मी धरायचो. अख्ख्या गावाला हे माहीत होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी मात्र शिकलो, की वर लिहिलेलं एक असतं आणि आत दुसरंच.

वडील लवकर गेले, म्हणून मला गुलबर्ग्याला इंजिनिअरिंगला घातलं ते अण्णानंच. शेवटच्या वर्षी मी एक छोटा गेम तयार करायला घेतला होता. हैदराबादच्या एका कंपनीनं कळवलं, की गेम पूर्ण करून स्वतःच्या लॅपटॉपवर दाखवायला या. नोकरी त्यावरच ठरणार होती. लॅपटॉप घ्यायला अण्णा गावाहून आला. घरातली विजेवर चालणारी कोणतीही वस्तू त्याच्या पसंतीशिवाय येत नसे.

स्टेशन रोडच्या दुकानदारानं दोन लॅपटॉप मांडले. दोन्ही गेमसाठीचे, दोन्ही शाळेच्या पाटीएवढे लहान. चित्रं हलवणारी वेगळी चिप दोन्हींत एकच. फरक फक्त प्रोसेसरचा. एकात नेहमीचा दणकट, दुसऱ्यात कमी वीज खाणारा. दुकानदार पुन्हा पुन्हा तो कमी विजेचाच पुढं सरकवत होता. हा खपत नसणार, म्हणून आमच्या गळ्यात मारतोय, असं मला वाटलं.

तेवढ्यात अण्णानं त्याला बाजूला घेतलं. दोघं कानडीत हळू आवाजात बोलले, दुकानदार हसला, त्यानं अण्णासाठी चहा मागवला. माझ्यासाठी नाही. मला कानडी येते, पण पंख्याच्या घरघरीत एक शब्द कळला नाही. अण्णा परत आला आणि म्हणाला, "ह्यो कमी विजेचाच घे."

"कामून?"

"खेळाचं निम्मं काम ती दुसरी चिप करायलीय म्हनतो न्हवं त्यो? मग ह्याला एवढी ताकद कशाला? एवढ्याशा डब्यात तापून मरंल. आन् गावात लाइट किती घंटे ऱ्हाते, तुला ठाव न्हाई व्हय?"

बोलणं सरळ होतं. पण माझं डोकं त्या चहावर अडकलं होतं. दोघांचं काहीतरी ठरलंय. आत काय बसवलंय कुणी पाहिलंय? वरचा स्टिकर तर कुणीही चिकटवेल.

"अण्णा, किती ठरलं तुझं त्याच्याशी?" मी विचारलं. तेवढ्यावर मी थांबलो नाही. "पाट्या बदलून देणारा माणूस तू. तुझ्या शब्दावर मी कसा घेऊ?"

दुकानदारानं मान खाली घातली. अण्णाचा चहा तसाच राहिला. अण्णा दुकानदाराला म्हणाला, "दोन्हीच्या वायरी काढा. त्याचा खेळ दोन्हीवर चालवून दावा."

माझा गेम पेनड्राइव्हवर होताच. दणकट लॅपटॉपचा पंखा पाच मिनिटांत शेवयाच्या मशिनीसारखा ओरडायला लागला, खालून हात लावू देईना, आणि तासाभरात बॅटरी संपली. दुसरा तोच गेम तितकाच सफाईनं खेळवत शांत चालत राहिला. अडीच तास मी त्या स्टुलावर बसून होतो. तो कुठंतरी अडखळावा, मी खरा ठरावा, असं मला वाटत होतं. आज हे लिहितानाही लाज वाटते.

कमी विजेचाच घेतला. निघताना दुकानदार मला हळूच म्हणाला, "तुमच्या भावानं एवढंच विचारलं, की पोराला हा लॅपटॉप बाहेरगावी एकट्याला नेताना जड तर होणार नाही ना?"

अण्णाची माफी मागायचं ठरवता ठरवता बसमध्ये हुमनाबाद आलं, मग राजेश्वर आलं, आणि माफी राहूनच गेली. गावात लाइट नसताना त्याच लॅपटॉपवर मी गेम पूर्ण केला आणि हैदराबादची नोकरी मिळवली.

पहिल्या पगारातून अण्णासाठी मोबाइल घेतला. गावी गेलो, पाया पडलो, खोकं त्याच्या हातात दिलं. त्यानं खोकं उघडलं, मोबाइल उलटापालटा करून पाहिला, मागचं झाकण काढून बॅटरी पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

"बिल हाय का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, मस्करीही नव्हती. मी बॅगेतून बिल काढून दिलं. त्यानं ते उजेडाला धरून वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि मगच मोबाइल खिशात टाकला.