पांढऱ्या कोटाचं कापड

परभणीत मी इस्त्रीचं टेबल लावतो ते शिलाईवाल्या मावशींच्या ओसरीवर. सातवीत शाळा सुटली, गाव नंदुरबारकडं राहिलं. इथं जागा मावशींनीच दिली. म्हणून त्यांचं गिऱ्हाईक नाराज झालं की मलाच माझ्या जागेची काळजी लागते.

आणि त्यांची तर रीतच वेगळी. पोरांचे कपडे शिवायला आलेले आईबाप काहीही सांगोत, मावशी टेप गळ्यात टाकून पोराकडंच बघत राहतात. “तू सांग. घालणार तू हायस.”

परवा एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. डॉक्टरचा पांढरा कोट शिवायचा होता. डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा अजून व्हायचीच होती!

“भिंतीवर टांगला की अभ्यासाला जोर येतो,” ते म्हणाले.

मावशींनी मुलीला विचारलं, “व्हायचंय का गं डॉक्टर?”

ती खाली बघत म्हणाली, “मला शेतकी कॉलेजला जायचंय.”

“तिला काय कळतंय? तुमी कापा!”

मावशींनी कापडाची घडी घालून परत दिली. “कापड लय चांगलं हाय, दादा. आधी लेकीशी बोला, मग आणा.”

गेलं गिऱ्हाईक, मला वाटलं. पण ते पायरीवरच थांबले. कापडाची घडी काखेत मारून मुलीला म्हणाले, “शेतकीत काय शिकवतेत गं?”

माझी शाळा सुटली तेव्हा घरात असं कुणी काही विचारलं नव्हतं. तिचं उत्तर ऐकायला मी इस्त्री उभी करून ठेवली.