देवाला अहो म्हणणारी

दुपारचं जेवण झाल्यावर शुलमितबाई आडव्या होतात, तेव्हा त्यांना झोपायचं नसतं. नुसती पाठ टेकायची असते. सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला होता, की उद्याच्या उपासनेत हुल्डाताईंच्या स्मरणार्थ प्रार्थना तुम्हीच करा, त्यांना तुमच्याइतकं जवळचं नगरात दुसरं कोण आहे. बाई बरं म्हणून बसल्या. पण ईस्टरच्या आधी हुल्डाताई, त्यांची कॉलेजच्या वसतिगृहापासूनची मैत्रीण, गेली, तेव्हापासून त्यांच्या तोंडून स्वतःच्या शब्दांतली प्रार्थना निघालेली नाही. प्रभूची प्रार्थना तेवढी म्हणतात, पाढे म्हणावेत तशी. उद्या सगळ्या मंडळीसमोर उभं राहून काय बोलायचं?

पंखा घरघरतो. डोळे मिटले की उघडेच आहेत, कळत नाही. पाणी प्यायला त्या स्वयंपाकघरात जातात, तर तिथे पुण्याच्या वसतिगृहाची लांब पडवी लागते. दोरीवर मुलींच्या साड्या वाळताहेत. कोपऱ्यातल्या खोलीतून रॉकेलचा वास येतो आहे. खोलीत स्टोव्ह ठेवायला बंदी, म्हणून हुल्डाताई तो कॉटखाली दडवते.

आत ती चहाच करते आहे. चेहरा एम.ए.च्या वर्षातला, केस मात्र शेवटच्या आजारपणातले, विरळ आणि पांढरे.

"ये गं शुलू. दार लोटून घे, मेट्रनला वास येईल."

शुलमितबाईंना नवल वाटत नाही. तू गेलीस ना गं, असं त्या विचारतात. ती म्हणते, गेले, पण चहा कुठे सुटतोय.

मुली गोल करून बसल्या आहेत. चेहरे धूसर आहेत, पण ही शुक्रवारची फेलोशिप, मुलींची प्रार्थनेची बैठक, आहे हे समजतं. खेड्यातल्या शाळामास्तरांची शुलू इथे पहिल्यांदा आली, तेव्हा तिला वाटलं होतं, पुस्तकातली प्रार्थना वाचायची असेल. पण एकेक मुलगी आपल्या शब्दांत बोलत होती, देवाला बिनदिक्कत तू म्हणत. शुलूची पाळी आली. बापाला अरेतुरे करणं तिला ठाऊक नव्हतं. घाबरून, घरी पत्र लिहावं तशी तिने सुरुवात केली, "अहो बाबा, तुम्ही कसे आहात?"

मुली खुदुखुदु हसू लागल्या. हुल्डाताई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, आपण सगळ्या नुसत्या मागत असतो, तू कसा आहेस म्हणून त्याला आजवर कुणी विचारलं होतं का? पुढे मुली शुलूला 'अहोबाई' म्हणून चिडवायच्या, आणि पेपर जवळ आले की प्रार्थनेसाठी तिच्याच दारात यायच्या. आईवडिलांकडून आलेला विश्वास त्या खोलीत हळूहळू तिचा स्वतःचा झाला.

"उद्या काय म्हणणार आहेस?" हुल्डाताई कप पुढे करते. "माझ्यासाठी काही मागत बसू नकोस बाई. मला आता काही कमी नाही."

कॉट तीच आहे, पण उशाशी सलाईनचा स्टँड उभा आहे. भिंती दवाखान्याच्या हिरव्या झाल्या आहेत.

"इथे बसून किती मागितलं मी," शुलमितबाई म्हणतात. "त्यांनी ऐकलं नाही. उद्या त्यांच्याशीच चार लोकांत गोड बोलू? मला नाही जमणार."

"रागावलीस तरी 'त्यांनी'च म्हणतेस," हुल्डाताई हसते. "तुझी आई वडिलांशी भांडायची की नाही?"

दवाखान्यात चुलीचा धूर भरतो. आई भाकरी थापता थापता तडातडा बोलते आहे. अहो, तुम्हाला काही कळतं का, अहो, घरात माणसं आहेत याची तुम्हाला जाणीव तरी आहे का. वडील उंबऱ्यावर मान खाली घालून बसले आहेत. उत्तर देत नाहीत. उठूनही जात नाहीत.

"भांड की मग," हुल्डाताई म्हणते. "अबोला कशाला?"

ती चटईवर गुडघे टेकते. डॉक्टरांनी आपल्याला खाली बसायची मनाई केली आहे, हे शुलमितबाईंना आठवतं, तोवर त्याही टेकलेल्या असतात. काही दुखत नाही.

"अहो बाबा," त्या म्हणतात, "तुम्ही माझं ऐकलं नाहीत. मी एवढं विनवलं आणि तुम्ही तिला नेलंत. आता मी कुणाकडे जाऊ? मला करमत नाही."

कुणी हसत नाही. शेजारून हुल्डाताईचं 'आमेन' ऐकू येतं, नेहमीसारखं, सगळ्यांच्या आधी.

खिडकीतून तिरपं ऊन आलं आहे. शुलमितबाई पलंगावर आहेत, पंखा चालू आहे. पाय जड वाटतात म्हणून त्या उठून बसतात, साडी जरा वर घेतात. दोन्ही गुडघ्यांवर चटईच्या काड्यांचे वळ उमटले आहेत, लालसर, आत्ताचे. घरात चटई नाही. सुनेने सगळीकडे फरशी आणि खुर्च्या केल्या आहेत.

बाई वळांवर तळहात ठेवतात. खाचा हाताला लागतात. त्या बुजायच्या आत बाई देवाशी उरलेलं भांडण पुढे सुरू करतात, मोठ्याने.