मुंबईचा समुद्र मेला, असं मी लिहिलं होतं

तुडीलच्या एका मावशीवर अन्याय झाला. कधी? गेल्या पौषात, सोमवारी, सकाळी साडेअकराला, भर ग्रामसभेत. कुणी केला? बोलला वाळूच्या ठेकेदाराचा माणूस, पण हत्यार माझं होतं.

हत्यार म्हणजे पत्रक. सावित्री नदीच्या पाण्यासाठी मी पोलादपूरपासून खाडीपट्ट्यापर्यंत पत्रकं वाटत फिरते. या कामात पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात: पत्रकाला मुडदा लागतो. "पाणी खराब झालंय" असं छापलं तर लोक त्यात वडे बांधून नेतात. "नदी मेली" छापलं तर निदान वडा खाताना वाचतात. म्हणून मी ठोकून दिलं: "मुंबईनं आपला समुद्र मारला, आपण आपली खाडी मारली. आता तिथं जिवंत काही उरलेलं नाही." खरं सांगते, छापून आल्यावर दोन दिवस मी हे वाक्य मनात घोळवत होते.

त्याच खाडीत मावशी ओहोटीला उतरते. चिखलात हात घालून खुबे काढते आणि त्या शिंपल्या महाडच्या बाजारात विकते. तिच्या त्या पट्ट्यावर भराव टाकून वाळूचा डेपो करायचा, असा विषय सभेपुढं आला. मावशी उठून म्हणाली, "माझे खुबे गाडू नका."

ठेकेदाराच्या माणसानं खिशातून माझं पत्रक काढलं. माझं वाक्य मोठ्यानं, सावकाश वाचलं आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्या ताई पर्यावरणवाल्या. त्याच सांगतात, तिथं जिवंत काय नाय. मग मेलेल्यावर माती टाकायची नाय तर काय करायचं?"

सभा हसली. मावशी माझ्याकडं वळली. "काय गो, इतकी वर्षं मी काय भुतं विकली?"

निर्णय पुढच्या सभेवर गेला. मी मात्र तिथून पळाले, सरळ मुंबईला, चुलत्याकडं.

चुलता वरळीच्या बाजूला एका टॉवरमध्ये लिफ्ट चालवतो. त्याला सगळं सांगितलं आणि वर हेही म्हटलं, "खाडीचं चुकलं असेल, पण मुंबईचं तर खरंच लिहिलं ना!"

"बघितलास कधी?" त्यानं विचारलं.

"काय बघायचंय? वासावरनं कळतं."

"वासावरनं माणूस मेला म्हणून जाळशील काय गो?"

अमावास्येला संध्याकाळी त्याची ड्युटी सुटल्यावर तो मला बिल्डिंगमागच्या खडकांवर घेऊन गेला. पाणी खूप आत गेलं होतं. एका बाजूला नाल्याचं काळं पाणी वाहत होतं, कपारीत दुधाच्या पिशव्या अडकल्या होत्या आणि मागं कुठंतरी यंत्राचे ठोके चालू होते. मी म्हटलं, "बघ, हेच मी लिहिलंय."

"पाय उचल!" चुलता एकदम ओरडला.

मी दचकून पाय उचलला. चपलेखाली तळहाताएवढा एक गोळा होता. शेवाळी रंगाचा, वरून मधाच्या पोळ्यासारखी नक्षी. चुलत्यानं शेजारी आपला हात धरला. त्याच्या बोटात ज्योतिषानं मंगळासाठी घालायला लावलेलं पोवळं आहे. "हा ह्याचा लांबचा भाऊबंद. प्रवाळ. दगड नाय, जिवंत हाय. गेटवर मासे घेऊन येते ती कोळीण पाय ठेवू देत नाय ह्याच्यावर. आता वाक. उभ्यानं काय दिसत नाय."

मी वाकले आणि वाकलेलीच राहिले. असे गोळे पाच पावलांत सगळीकडं होते. डबक्यात फुलासारखं काहीतरी पसरलं होतं, बोटाची सावली पडताच ते मिटलं. नारिंगी स्पंजाआडून एक खेकडा माझ्यावर नांगी उगारून बसला होता. कपारीतून एक बारीक हात बाहेर आला, दगड चाचपला आणि आत गेला. "माकूळ," चुलता म्हणाला. म्हणजे ऑक्टोपस. हे सगळं त्या दुधाच्या पिशव्यांच्या मध्ये, त्याच नाल्याच्या तोंडाशी. मी यांना हजारो कागदांवर मेलेलं जाहीर केलं होतं आणि आत्ता त्यांच्यावर चपला घालून उभी होते.

कुणी लगेच म्हणेल, जिवंत आहे म्हणजे सगळं ठीक आहे. अजिबात नाही! घाण खरी आहे, विष खरं आहे आणि जीवही खरा आहे. पहिली दोन मी ओरडून सांगितली. तिसरं बघायला कधी वाकलेच नाही.

परत आले ती थेट तुडीलला. मावशी चिखलात होती.

"आता कुणाला मारायला आलीस?"

"बघायला आले, मावशी."

"मग चपला काढ. आन तोंड मीट, चिखल जातो."

तासाभरात माझ्या हाताला चार खुबे लागले. तिची टोपली भरली.

पुढची सभा व्हायची आहे. माझंच वाक्य खोटं आहे, असा लेखी अर्ज मी दिलाय. पण माझ्या शब्दाची किंमत मीच घालवून बसलेय, एकटीच्या अर्जानं मावशीचा पट्टा वाचणार नाही. म्हणून तुम्ही या. ओहोटीला या, अनवाणी. कोपरापर्यंत हात चिखलात घाला. आणि सभेत मावशी बोलून खाली बसली की लगेच उभे राहा आणि हाताला काय जिवंत लागलं ते सांगा.